दाराजवळ नको, झोपेत नको

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

स्कूटरची बॅटरी रात्री वर आणतेस, दाराजवळच्या सॉकेटला लावतेस आणि झोपतेस, असं काल फोनवर सहज म्हणालीस. आई शेजारी होती म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण मनी, दाराजवळ आणि झोपेत, या दोन्ही गोष्टी आजपासून बंद कर.

तुझ्या त्या दोन खोल्यांतून बाहेर पडायला एकच दार आहे. लिथियमच्या बॅटरीत एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. एकदा हे सुरू झालं की प्लग उपटला, मेन स्विच पाडला, तरी थांबत नाही, कारण तोवर उष्णता आतूनच तयार होत असते. ज्वाळेच्या आधी बरेचदा धूर येतो आणि तो विषारी असतो. वेल्लोरला मार्च २०२२ मध्ये रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली. बाप आणि लेक, दोघंही धुरात गुदमरून गेले. ती बातमी वाचली तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सिकंदराबादला खालच्या ई-स्कूटर शोरूममधली आग आणि धूर वरच्या लॉजपर्यंत पोचला, आठ माणसं गेली. म्हणून दार, पॅसेज, जिन्याखालची जागा, यांतलं काहीही चार्जिंगला नको. खाली पार्किंगमध्ये, मोकळ्या हवेत, गाडी लावूनच चार्ज करणं सगळ्यांत चांगलं.

तशी सोय होईपर्यंत संध्याकाळी जागी असताना लाव. बाल्कनीत, फरशीवर, गादी, पडदे, कपडे यांपासून लांब. बाल्कनीत पाऊस येत असेल तर त्या दिवशी नको. ऑफिसातून आल्या आल्या लावू नकोस, अर्धा-पाऊण तास निवू दे. या उन्हात तर नक्कीच. गरम बॅटरीत करंट ढकलला की तिचं आयुष्य घटतं आणि धोका वाढतो.

सॉकेटबद्दल थोडं जास्त लिहितो, माझी सारी नोकरी त्यातच गेली. तुझ्या चार्जरवर ७५० वॉट लिहिलंय, म्हणजे साधारण सव्वातीन अँपिअर. सहा अँपिअरच्या सॉकेटला हा भार जड नाही, पण इस्त्री किंवा मिक्सर काही मिनिटं चालतो आणि चार्जर तासन् तास. भाड्याच्या घरातल्या जुन्या सॉकेटमधल्या, पिन पकडणाऱ्या धातूच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात, ठिणग्या उडून तिथेच प्लास्टिक वितळतं. अर्ध्या तासाने बटण बंद कर, प्लग काढ आणि पिनला बोट लावून बघ. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तो सॉकेट बदलल्याशिवाय वापरायचा नाही. एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग नको. अर्थिंग आहे का, हे तिसरं भोक बघून कळत नाही, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे.

चार्जर गाडीचाच हवा. मैत्रिणीच्या चार्जरची पिन बसली म्हणून तो चालतो असं नाही, व्होल्टेज वेगळं असतं. लेड-अ‍ॅसिडचा, म्हणजे इन्व्हर्टरला असते तशा शिशाच्या बॅटरीचा, तर मुळीच नाही.

रोज शंभर टक्के करायची गरज नाही. तुझं जाणं-येणं ऐंशीत आरामात होतं, वीसच्या खाली नेऊ नकोस. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असेल तर मात्र मधूनमधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर मीटरवरचा आकडा चुकतो. जात कोणती ते माहितीपुस्तकात बघ. दिवाळीला महिनाभर इकडे आलीस तर निम्मी भरून ठेव.

गाडी सेकंडहँड घेतलीस म्हणून एक विचारतो: बॅटरी कधीची आहे? एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत कडक झाले. त्याआधीची असेल किंवा कुणी बाहेर उघडून सेल बदललेले असतील, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवल्याशिवाय वापरू नकोस. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली तरी तेच, चार्जिंगला न लावता आधी तिकडे. कव्हर फुगलं, उग्र वास आला, सूं आवाज आला, तर ती बॅटरी घरात क्षणभरही नको. भंगारवाल्यालाही द्यायची नाही, त्याच्या घरात पोरं असतात.

आणि धूर दिसलाच तर बॅटरी उचलायला जाऊ नकोस. मैत्रिणीला उठव, बाहेर पड, दार मागे ओढून घे, शेजाऱ्यांना हाका मार, मग १०१. विझली असं वाटलं तरी आत जायचं नाही, ती पुन्हा पेटते. लॅपटॉप, कागदपत्रं सगळं राहू दे.

पार्किंगमध्ये तुझ्या मीटरवरून स्वतंत्र लाइन, सोळा अँपिअरचा सॉकेट, एमसीबी (जास्त भार आला की बंद पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की शॉक टाळायला बंद पडणारा स्विच) टाकायचा खर्च मी देतो. सोसायटीची परवानगी लागेल. घरमालकांशी तू बोलतेस की मी फोन करू, ते उद्यापर्यंत कळव.

तुझे,
बाबा