कामट्या आणल्यात, ये

नौपाडा, ठाणे

प्रिय अव्या,

फोनवर तू विचारलंस, "ठाण्यात कंदील विकत मिळत नाहीत का?" मिळतात रे. जांभळी नाक्यावर आत्तापासून रांगेने लटकलेत, आणि माहीमच्या कंदील गल्लीत तर मान वर करूनच चालावं लागतं. पण आणला, हुकाला अडकवला, संपलं. त्यात आपला हात कुठे लागला? गेल्या दिवाळीत सोसायटीने घाऊक प्लास्टिकचे आणले, सगळ्या गॅलऱ्यांत एकसारखे. इमारत बँकेच्या जाहिरातीसारखी दिसत होती.

म्हणून यंदा मीटिंगमध्ये म्हटलं, पार्किंगमध्ये सतरंज्या टाका, बाकी मी बघतो. सेक्रेटरी लगेच हो म्हणाले. पैसे वाचतील असं त्यांना वाटतंय. कामट्या, पतंगाचा कागद, सोनेरी पट्टी, दोरा धरलं तर घरचा कंदील महागच पडतो. हे मी त्यांना दिवाळीनंतर सांगेन.

आपल्या चाळीत तू बांधायचास तोच आकार ठरवलाय. चोवीस कामट्या, सगळ्या एका मापाच्या. चार-चार बांधून सहा चौकोन, मग कोपऱ्याला कोपरा. सहावा चौकोन बसला की मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली पोरगी ते मोजून थक्क झाली, "काका, त्रिकोण तर आपण केलेच नाहीत!" तिला म्हटलं, भूमितीच्या बाईंना दाखव.

खरी गंमत गाठीत आहे. कोपऱ्यावर दोरा फुलीसारखा दोन वेळा फिरवून मग आवळायचा, नाहीतर सांगाडा एका बाजूला कलतो. मुलांना धीर नसतो, ती आधीच कागद चिकटवायला बघतात. खळ मैद्याचीच शिजवतो. आई तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची. तो विषारी, त्यामुळे पोरांच्या हातात द्यायच्या खळीत घालत नाही. रोजच्या रोज ताजी शिजवतो. चौकोनांना पांढरा कागद, त्रिकोणांना लाल आणि हिरवा. शेपट्या कातरायचं काम आज्यांकडे. त्यांच्या कात्रीला आणि तोंडाला एकच वेग आहे. कोणाच्या सुनेने काय केलं ते सगळं आता मला पाठ आहे. आत दिवा एलईडीचा. पूर्वीचा १०० वॅटचा बल्ब कागदाला चिकटला की करपल्याचा वास यायचा, आठवतं?

आता टोप्यांचं. हसू नकोस. हिने मला विणायला शिकवलं आणि आता मी थांबत नाही, असं तिचं म्हणणं आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकर घामाने बोटांना चिकटते, म्हणून रात्री पंख्याखाली बसतो. पण डिसेंबरात येऊरकडून वारा सुटला की पहाटे तलावपाळीला फिरणारे आम्ही सगळे म्हातारे कान झाकायला काहीतरी शोधतोच. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनसाठी पहिली विणली, साधी राखाडी. आता ३१ डिसेंबरला गच्चीवर लहान मुलांचा टोप्यांचा कार्यक्रम ठेवलाय: एकाला वांगं हवंय हिरव्या देठासकट, एकीला मांजराचे कान. वांग्याचा देठ मला अजून नीट जमलेला नाही, पण तो पोरगा रोज जिन्यात गाठून चौकशी करतो.

टोपी अवघड नाही. ८ नंबरच्या सुया, खालची पट्टी दोन सुलट दोन उलट, वर सगळं सुलट, आणि शेंड्याकडे दोन-दोन टाके एकत्र घेत आवळत जायचं. मात्र टोपी डोक्यापेक्षा थोडी लहानच हवी, ताणून बसते. माझ्या हाताने १० सेंटीमीटरात २० टाके बसतात, म्हणजे ५० सेंटीमीटरच्या डोक्याला ४४ सेंटीमीटरची टोपी धरली तर ८८ टाके पुरतात. मुलांच्या कातडीला लोकर टोचत असेल तर सुती दोरा घ्यायचा.

तर तू धनत्रयोदशीच्या आधी ये. तुझ्याइतकी घट्ट गाठ इथे कोणालाच जमत नाही, मलाही नाही. नरक चतुर्दशीला फराळ करून राम मारुती रोडला जाऊ; सगळी तरुण पोरं नटूनथटून जमतात, आपण नुसतं बघायचं. वहिनींनाही आण, ही चकलीची भाजणी त्यांच्या सल्ल्याशिवाय दळणार नाही म्हणते.

आणि नातवाच्या डोक्याचं माप कळव. फीत भुवयांच्या वरून आणि कानांच्या जरा वरून फिरव, झोपलेला असताना घे, नाहीतर तो हलतो. रंगही त्यालाच विचार.

तुझा,
बंड्या