पस्तिशीची अट आणि गुरुजींची १ जून

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातलं नर्सिंगच्या पात्रतेवरचं स्फुट वाचलं. लगेच लिहायला बसले होते. घरचे म्हणाले, एक रात्र जाऊ दे, राग उतरेल. रात्र गेली, राग तसाच आहे.

अटी आहेत म्हणून दर्जा आहे, त्या सैल करा म्हणणारे गोरगरिबांच्या जिवाशी खेळतात, असा तुमचा सूर. सूर छान लागलाय. फक्त गाणाऱ्याने कधी गावातल्या आरोग्य उपकेंद्राची पायरी चढलीय का, तेवढं कळवलं असतं तर बरं झालं असतं. मी ती अडतीस वर्षं चढले. १९८४ साली मला दहावीवर एएनएमला, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सच्या शिक्षणाला घेतलं, दीड वर्षाचा कोर्स होता. इंग्रजीत काठावर पास. आज तेच गुणपत्रक घेऊन गेले तर वॉचमनसुद्धा गेटच्या आत सोडायचा नाही.

बारावी हवी, याला माझी हरकत नाही. औषधाच्या बाटलीवरचं वाचता आलं पाहिजे, डोसचं गणित जमलं पाहिजे. माझं भांडण एएनएमच्या प्रवेशाला असलेल्या ३५ वर्षांच्या अटीशी आहे, त्यावर तुमच्या स्फुटात अर्धी ओळही नाही.

आमच्या उपकेंद्राला एक आशा, म्हणजे घरोघर जाणारी गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, आहे. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. सव्विसाव्या वर्षी ग्रामसभेतून निवडली गेली. त्याआधी होताच आलं नसतं, कारण आशा कशी हवी, तर गावची सून हवी, लग्न झालेली किंवा विधवा, परित्यक्ता, आणि वय २५ ते ४५. म्हणजे निवडतानाच संसाराला लागलेली बाई बघून निवडायची. ठीक. पुढे नऊ वर्षं तिने माझ्या हाताखाली काम केलं. एका बाळंतिणीच्या घरी सातव्या दिवसाच्या भेटीला गेली, तर बाळ गप्प पडलेलं. आजी म्हणे, झोपलंय, उठवू नको. हिने दुपट्याची गाठ सोडली, छाती उघडी केली आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ६६. परत मोजले. ६८. ६० च्या वर गेले की थांबायचं नाही, हे तिला पाठ होतं. मला फोन, १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या पोटाशी धरून बसवलं. ते पोरगं आता बालवाडीत आहे आणि शेंबडं नाक घेऊन तिच्याच पदराला पुसतं.

तर या बाईला एएनएम करायचं मनात आलं. दहावी होती, बारावी नव्हती. तिने बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. पिशवीत ओआरएसच्या पुड्या, लोहाच्या गोळ्या आणि त्यांच्यातच राज्यशास्त्राचं गाइड. लसीकरणाच्या दिवशी बायका जमेपर्यंत उपकेंद्राच्या ओट्यावर वाचत बसायची. ५८ टक्के पडले. पेढे दिले मला, आणि दुसऱ्या दिवशी एएनएमचा फॉर्म भरायला महा ई-सेवा केंद्रात गेलो आम्ही दोघी.

जन्मतारीख टाकली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. वय जास्त. किती जास्त, तर काही महिने. केंद्रातला पोरगा म्हणाला, "ताई, तारीख बदलून आणा की."

ती म्हणाली, "गुरुजींनी बदलली तेवढी पुरे झाली."

आता हे शहरातल्या वाचकांना कळणार नाही म्हणून सांगते. तिची तारीख १ जून आहे. आमच्या पिढीत आणि तिच्याही पिढीत गावात निम्म्या लोकांची तारीख १ जून आहे. पोर शाळेत आणलं की गुरुजी बघत, पहिलीला बसवायचं तर वय पुरं हवं. मग लिही १ जून. तिची आई सांगते, ही झाली तेव्हा संक्रांत चार दिवसांवर होती, घरात तीळ निवडायचे पडले होते. ती संक्रांत त्या १ जूननंतरची. म्हणजे गुरुजींनी पोरीला जगात यायच्या सात महिने आधीच जन्माला घातलं. कागदावर पस्तीस उलटून गेली, खरं बघाल तर पस्तीस पुरी व्हायची होती. शाळा सोडल्यावर दाखल्यातली तारीख बदलायला निघालं की काय होतं, ते मी सांगायला नको, तुमच्याच पेपरात वाचलंय.

पण समजा तारीख खरी असती, तरी हिशोब बघा. पंचविशीत आशा व्हायचं, दहा वर्षं काम करून हात बसला की पस्तीस, आणि तिथेच दार बंद. हा नियम ज्याने केला आणि तो नियम ज्याने केला, ते एकाच खात्याच्या दोन खोल्यांत बसत असतील, पण चहाला एकत्र जात नसावेत.

बरं, वय झालं की शिकता येत नाही म्हणावं, तर एएनएम झालेल्या बाईला जीएनएमला, म्हणजे त्याच्या वरच्या नर्सिंगच्या कोर्सला, जायला वयाची अटच नाही. तिथे अनुभव मोजतात. मग आशाचा अनुभव काय पाण्यात जातो? सरकारी नोकरीला खुल्या गटात ३८, मागासवर्गीयांना ४३. नोकरी द्यायला चाळिशीची बाई चालते, शिकवायला चालत नाही.

दर्जाचं म्हणाल, तर आमच्या शेजारचा तालुका जामखेड. तिथे १९७० साली आरोळे डॉक्टर नवरा-बायको आले आणि ज्यांना सही येत नव्हती अशा बायकांना आरोग्य शिकवलं. त्यांचं काम बघायला परदेशातून लोक येतात, तुमचा वार्ताहर कर्जतहून जाऊन येईल का बघा. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायकांकडून ३९ गावांत नवजात बाळं सांभाळली, मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलंय, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. आमची आशा जे श्वास मोजते ते त्याच शाळेतलं. त्या बायकांना कुणी जन्मदाखला मागितला नव्हता.

उलट दर्जाचीच काळजी असेल तर काही खाजगी नर्सिंग संस्थांत जाऊन बघा. माझ्याकडे उपकेंद्राला तिथल्या शिकाऊ मुली यायच्या, बारावीला चांगले मार्क, वय अठरा. केसबुकात बाळंतपणं सुरेख अक्षरात लिहिलेली, खाली लाल रेघ. कळा आलेल्या बाईच्या पोटावर हात ठेव म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायच्या. मुलींचा दोष नाही. त्यांना कुणी खरं बाळंतपण दाखवलंच नव्हतं. पण पात्रतेच्या अटीत त्या बसल्या होत्या, अगदी चपखल.

वय काढून टाका असं मी म्हणत नाही. पाच वर्षं आशा म्हणून काम केलेल्या बाईला ४५ पर्यंत सूट द्या, वाटलं तर लेखी परीक्षा घ्या, तोंडी घ्या, बाळ पुढ्यात ठेवून घ्या. ती तयार आहे. गाइड अजून पिशवीतच आहे, रद्दीत घालू का विचारत होती, मी नको म्हटलं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. कर्जत, जि. अहिल्यानगर
(नाव छापू नये.)

ता. क. : त्या स्फुटाशेजारी जो फोटो होता, त्याखाली आशांचा मोर्चा असं लिहिलंय. त्या अंगणवाडी सेविका आहेत. पहिल्या रांगेतल्या दोघी आमच्याच बीटमधल्या, विचारून घेतलं. आणि शनिवारची पुरवणी सलग तिसऱ्या आठवड्यात आलेली नाही. एजंट म्हणतो वरूनच कमी येतात. शब्दकोडं त्यातच असतं.