तक्रार: खोक्यावर डेबियन आणि ओपनबीएसडी, आत मात्र देखभाल थांबलेला ४.९ कर्नल

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर)

विषय: रेव्ह (रेव्हिजन) १.२ बोर्डावर वायफाय न चालणे, अपुरा सोर्स कोड आणि खोक्यावरील दावा याबाबत.

महोदय/महोदया,

आपले बोर्ड (एकाच पाटीवरचे छोटे संगणक) आम्ही कार्यालयात फाइलींच्या बॅकअपसाठी आणि प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी वापरतो. आधी घेतलेला बोर्ड डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर व्यवस्थित चालला, म्हणून त्याच मॉडेल क्रमांकाचे आणखी मागवले. खोक्यावर डेबियन, उबुंटू आणि ओपनबीएसडी अशी तिन्ही नावे ठळक छापलेली आहेत. नव्या बोर्डांवर डेबियन टाकले आणि वायफाय गायब झाले.

आपल्या सपोर्ट विभागाकडे तिकीट काढले. उत्तर आले की अधिकृत इमेज (प्रणालीची तयार प्रत) पुन्हा फ्लॅश करा, म्हणजे बोर्डावर नव्याने भरा. केली. मग दुसरे एसडी कार्ड वापरा, मग अडॅप्टर बदला. शेवटी ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून तिकीट परस्पर बंद केले. यातला सर्वांत महागात पडलेला सल्ला पहिलाच. बोर्डाच्या ईएमएमसीवर (आतल्या साठवणीवर) कारखान्यातून जी इमेज भरून येते, तिच्यात वायफाय चालत होते. आपल्या सांगण्यावरून ती पुसून संकेतस्थळावरची ‘अधिकृत’ इमेज टाकली, तर त्या बोर्डावरचे चालते वायफायही गेले.

पुन्हा गाडी एसडी कार्डावर जाऊ नये म्हणून दोष कुठे आहे तेही लिहितो. सिरियल कन्सोल जोडून बूट लॉग पाहिला. एसडीआयओ कार्ड, म्हणजे वायफायची चिप, सुरू करताना ‘एरर -११०’ येतो, म्हणजे टाइमआउट. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हाका मारतो आहे आणि चिप ओ देत नाही. जुना आणि नवा बोर्ड शेजारी ठेवले. जुन्यावर रेव्ह १.१ छापले आहे, नव्यावर रेव्ह १.२. वायफाय मॉड्यूलच्या पत्र्यावरचा क्रमांक वेगळा आहे आणि त्याची रिसेटची लाइन आता दुसऱ्याच जीपीआयओ पिनला (कर्नल चालू-बंद करतो त्या पिनला) जोडलेली आहे. मल्टीमीटर लावला तेव्हा कर्नल जुन्या पिनवर इमानेइतबारे व्होल्टेज देत होता आणि नवी पिन शून्यावर होती. चिप रिसेटमधून बाहेरच आलेली नव्हती, ती उत्तर देणार कुठून?

कारखान्याची इमेज शाबूत असलेल्या दुसऱ्या बोर्डावरून डीटीबी फाइल (डिव्हाइस ट्री, म्हणजे कुठली चिप कुठल्या पिनवर आहे याची यादी, बायनरी रूपात) काढली आणि डीटीसी या साधनाने वाचता येईल अशी उलटी फोडली. तिच्यात नवी पिन बरोबर नोंदवलेली आहे. म्हणजे दुरुस्त डिव्हाइस ट्री आपल्याकडे तयार आहे. ती ना संकेतस्थळावरच्या इमेजमध्ये आहे, ना आपण दिलेल्या सोर्सच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलींत). माझी मुख्य तक्रार ही आहे. हार्डवेअर बदलायला माझी हरकत नाही, सुटे भाग मिळेनासे होतात हे मलाही कळते. पण मॉडेल क्रमांक तोच ठेवून चिप बदलायची आणि त्या बदलाची माहिती स्वतःपाशी दाबून ठेवायची, याला काय म्हणावे?

पीसीवर हे खपून गेले असते. तिथे पीसीआय बसवरची उपकरणे आपली ओळख स्वतः देतात, उरलेले एसीपीआय, म्हणजे फर्मवेअरमधली नोंद, सांगते. एआरएम बोर्डांवर बहुतेक भाग असे मुके असतात. कुठली चिप कुठल्या पिनवर आहे हे कर्नलला डिव्हाइस ट्रीतूनच कळते. लिनक्स, बोर्ड सुरू करणारे यू-बूट आणि ओपनबीएसडी हे सगळे तिच्यावरच विसंबतात. आपण ती फाइल दिली नाही, तर खोक्यावर छापलेल्या एकाही प्रणालीच्या विकासकांना ती अंदाजाने लिहिता येणार नाही.

पिन बदलून आमचे भागले असते. पण नव्या चिपचा ड्रायव्हर म्हणून कारखान्याच्या इमेजमध्ये एक तयार मॉड्यूल आहे, ते फक्त त्याच ४.९ कर्नलवर चढते. मॉड्यूलची माहिती दाखवणारे मॉडइन्फो चालवले तर लायसन्सपुढे ‘जीपीएल’ (सोर्स खुला ठेवायला लावणारा परवाना) लिहून येते, सोर्स मात्र कुठेही नाही. लिनक्स कर्नल जीपीएलच्या आवृत्ती २ खाली आहे. तिचे कलम ३ आपल्या कायदा विभागाने एकदा वाचावे. जो बायनरी वाटतो त्याने पूर्ण सोर्स सोबत द्यायचा, किंवा तो देण्याची किमान ३ वर्षे वैध असलेली लेखी तयारी दाखवायची. आणि बांधणी व इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्टही त्यात धरलेल्या आहेत. आपल्या टारबॉलमध्ये कर्नलची कॉन्फिग फाइलसुद्धा नाही.

आता त्या ४.९ विषयी. हा कर्नल डिसेंबर २०१६ चा. त्याची देखभाल जानेवारी २०२३ मध्ये थांबली. आपण त्यावर सुरक्षेचे पॅच स्वतः चढवत असाल तर तसे कुठे लिहिलेले दिसत नाही. चिप कंपन्यांच्या कर्नलवर डोळे मिटून विसंबायची माझी तयारी नाही. २०१६ मध्येच अशा एका ३.४ कर्नलमध्ये डीबगसाठी लिहिलेला कोड राहून गेलेला सापडला होता. प्रॉक या कर्नलच्या फोल्डरमधल्या एका फाइलीत ‘रूटमायडिव्हाइस’ एवढे लिहिले की कुणालाही रूट, म्हणजे यंत्राचे सर्व, अधिकार मिळत! मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ अधिकृत, कर्नलमध्ये ते कधीच नव्हते. कार्यालयाचे बॅकअप ज्या यंत्रावर आहेत, त्यावर मला मेनलाइनच हवा.

व्हिडिओ एन्कोडरची लायब्ररीही ४.९ लाच बांधलेली आहे, त्यामुळे डेबियनवर सगळा भार सीपीयूवर येतो. त्याबाबत मी आज आग्रह धरत नाही. २०१८ मध्ये बूटलिन या कंपनीने लोकवर्गणीतून ऑलविनर कंपनीच्या चिपच्या व्हिडिओ डीकोडिंगचा मेनलाइन ड्रायव्हर उभा केला, २०१९ मध्ये कर्नल ५.२ मध्ये पॅनफ्रॉस्ट आणि लिमा हे जीपीयूचे (ग्राफिक्स चिपचे) ड्रायव्हर आले. एवढी अवघड कामे बाहेरच्या लोकांनी केली. आपल्याकडे तर फक्त हाताशी असलेल्या फाइली मागतो आहे.

मेमरी सुरू करणारा ब्लॉब (सोर्स नसलेली बायनरी फाइल) किंवा वायफायचे फर्मवेअर बंद स्वरूपात राहिले तरी चालेल. फक्त ते पुढे वाटण्याची लेखी परवानगी द्या. डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेले) फर्मवेअर असते. अडते ते परवान्यापाशी.

तेव्हा हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत रेव्ह १.२ ची डिव्हाइस ट्री, कर्नलची कॉन्फिग, वायफाय ड्रायव्हरचा सोर्स आणि यू-बूटचे पॅच प्रसिद्ध करावेत. दोन्ही रेव्हिजनचे स्किमॅटिक (जोडण्यांचा आराखडा) द्यावे आणि डिव्हाइस ट्री मेनलाइनकडे आपल्याच अभियंत्याने पाठवावी. कारखान्याची इमेज डाउनलोडला ठेवावी, म्हणजे आमचा पुसलेला बोर्ड तरी तोवर चालेल. हे जमणार नसेल तर रेव्ह १.२ चे सर्व बोर्ड परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, आणि खोक्यावरची तिन्ही नावे काढावीत.

उत्तर बोर्ड बनवणाऱ्या अभियांत्रिकी विभागाकडून यावे ही विनंती. फ्लॅश करून पाहा असे लिहिणार असाल, तर कुठली इमेज आणि कुठल्या रेव्हिजनसाठी, तेही सोबत लिहा.

आपला,
एक ग्राहक

सोबत: दोन्ही बोर्डांचे फोटो, पूर्ण बूट लॉग, डीटीबीतला संबंधित भाग, बंद केलेल्या तिकिटाची प्रत.