तक्रार: पाकिटावर 5 मिलिमीटर, जाळीत 20

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पक्षीरोधक जाळी सदोष निघाल्याबाबत, पैसे परत मिळण्याबाबत व माहितीपत्रक बदलण्याबाबत

महोदय,

आपल्या पक्षीरोधक जाळीबद्दलची ही माझी दुसरी तक्रार. पहिली फोनवर केली होती. तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितलं, “तुमच्याकडे पक्षी जरा जास्तच असतील.” पक्षी नसते तर मी जाळी कशाला घेतली असती? म्हणून आता लेखी.

जाळी घेतली ती केलच्या वाफ्यासाठी. 45 सेंटिमीटर अंतर सोडून 12 रोपं लावली होती. केल कोबीच्याच जातकुळीतली, फक्त गड्डा धरत नाही. कोबीची बाहेरची चार पानं पाखरांनी खाल्ली तरी आत गड्डा शाबूत राहतो. केलमध्ये पान हेच पीक, आणि ते सगळं उघड्यावर. आपण खालची पानं खुडत जातो आणि शेंडा राखतो, त्यामुळे एकच रोप कित्येक महिने पानं देत राहतं. पाखरांचं बरोब्बर उलट: आधी शेंड्यातलं कोवळं. रोप लहान असताना शेंडा गेला की ते बहुतेक वेळा बसतंच.

लागवडीनंतर चौथ्या दिवशी चिमण्या आल्या, मग कबुतरं. जुन्या सीडी दोरीला टांगून पाहिल्या. कबुतरं तीन दिवस बिचकली, चौथ्या दिवशी त्या चकाकणाऱ्या सीडीखालीच बसून त्यांनी पानं फाडली. तेव्हा आपली जाळी मागवली.

पाकिटावर लिहिलं आहे: भोक 5 मिलिमीटर. मी विश्वास ठेवला आणि मोजून पाहिलं नाही, एवढी चूक माझी. नंतर पट्टी लावली तर भोक 20 मिलिमीटरचं निघालं. माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत जातं. आतल्या माहितीपत्रकात सूचना होती, “जाळी रोपांवर थेट अंथरावी.” तशीच अंथरली. दुसऱ्या दिवशी सकाळी कबुतरं जाळीवरच बसलेली! त्यांच्या वजनाने जाळी पानांना टेकली होती आणि भोकांतून चोची घालून त्यांची न्याहारी निवांत चालली होती. पानांचा पापुद्रा गायब, मधली शीर तेवढी काडीसारखी उभी. म्हणजे जाळीने त्यांना बसायला आयती बैठक दिली.

हे एवढंच असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तिसऱ्या आठवड्यात एक चिमणी त्यात सापडली. मान एका भोकातून बाहेर आणि पंख दुसऱ्यात, अशी. सुटायला धडपडेल तसा तो बारीक धागा पिसांखाली आणखी रुतत होता. मी तिला रुमालात धरलं आणि नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा तोडत बसले. मुठीत तिचं काळीज इतकं भरभर धडधडत होतं की माझाच हात थरथरायला लागला. सुटल्यावर ती कुंपणापर्यंत उडाली, तिथे बराच वेळ बसून राहिली आणि मग दिसेनाशी झाली. वाचली असावी. त्या वेळी मी घरी नसते तर वाचली नसती, हे मात्र नक्की.

सैल टाकलेली, मोठ्या भोकांची, बारीक धाग्याची जाळी म्हणजे फासाच, हे या धंद्यात असलेल्या आपल्याला ठाऊक नसावं असं मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरच्या फळझाडांवर टाकायच्या जाळीचं भोक पूर्ण ताणल्यावरही 5 मिलिमीटरपेक्षा मोठं नको, असा नियम 2021 पासून लागू आहे, तो याचसाठी. आपल्या पाकिटावर आकडा तोच आहे. आत माल मात्र दुसराच.

फुलपाखरांपासूनही संरक्षण, असंही पाकिटावर छापलं आहे. कोबीवरचं पांढरं फुलपाखरू त्या भोकातून आत जाताना मी स्वतः पाहिलं. पंख मिटले, शिरलं. पुढच्या आठवड्यात पानांच्या पाठीमागे पिवळट अंडी, मग हिरव्या अळ्या. आणि ‘उन्हात तीन हंगाम टिकणारी’ ही जाळी चौथ्या महिन्यात हातात घेतली की मोडते. तिचे तुकडे मी अजून मातीतून वेचते आहे.

माझ्या मागण्या अशा. जाळीचे पूर्ण पैसे परत करावेत. बदली जाळी पाठवू नये, ती मी वापरणार नाही. ज्यांना याच मालातली पाकिटं विकली, त्यांना भोकाचा खरा आकार कळवावा आणि ती जाळी काढायला सांगावं. आणि माहितीपत्रकातली ‘थेट अंथरावी’ ही ओळ काढून टाकावी. जाळी कमानींवर ताणून बसवायची, पानांपासून वीतभर उंच ठेवायची, कडा मातीत दाबायच्या आणि रोज एकदा फेरी मारून बघायचं, एवढं लिहायला चार ओळी पुरतात. कमानी वेगळ्या घ्याव्या लागतात हेही लिहा, भले विक्री थोडी कमी होईल.

सध्या मी बारीक विणीची दुसरी जाळी कमानींवर लावली आहे. 12 पैकी 7 रोपं जगली, त्यातल्या दोघांना बुंध्यापासून नवे फुटवे आले आहेत. पाच गेली, त्यांची भरपाई मागत नाही.

पाकीट, माहितीपत्रक आणि पट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. जाळीचा कापलेला तुकडाही आहे. त्यात एक पीस अडकलेलं दिसेल, ते मी मुद्दाम काढलेलं नाही.

उत्तर लेखी द्यावं, फोन नको.

आपली,
एक ग्राहक