लाकडी फरशी घेताय? तुकड्याची कड बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या घरसजावटीच्या पुरवणीत लाकडी फरशीचे फोटो झकास येतात, पण ते बघून माणूस दुकानात गेला की पुढे काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. दुकानदार सगळ्यालाच 'वूडन' म्हणतो आणि आपण रंग निवडत बसतो. रंग राहू दे, सॅम्पलचा तुकडा आडवा धरून कड बघा. दाबलेल्या भुशाचा तपकिरी थर दिसला की ते लॅमिनेट, म्हणजे त्या थरावर (त्याला एचडीएफ म्हणतात) लाकडाचा छापलेला कागद आणि वर टणक कोटिंग, ८ किंवा १२ एमएम. खाली प्लायचे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा असेल तर इंजिनिअर्ड. आणि वरपासून खालपर्यंत एकच लाकूड, साधारण १८-२० एमएम, तर ते अस्सल.

लॅमिनेट टाकाऊ नाही, भाड्याने द्यायच्या फ्लॅटला मस्त चालतं, ओरखडेही कमी पडतात. फक्त ते घासून परत पॉलिश होत नाही, छापील कागद घासणार काय! इंजिनिअर्डचा वरचा थर अर्धा-पाऊण एमएम असेल तर तीच गत, ३-४ एमएम असेल तर एक-दोनदा घासता येतो, म्हणून हा आकडा बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

आता पावसाळा. मुंबई-कोकणात जुलैत लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं आणि हवा कोरडी झाली की आकसतं, त्यासाठी भिंतीलगत ८-१० एमएम फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकायची असते, पण फट बरी दिसत नाही म्हणून कारागीर पट्ट्या भिंतीला भिडवून मोकळा होतो आणि मग पावसाळ्यात फरशी मधेच उचलते. त्यात आपल्याकडे रोज बादलीत फिनाईल टाकून फरशी पुसायची सवय! लॅमिनेटच्या सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात त्या परत बसत नाहीत. मावशींना घट्ट पिळलेलं फडकं पटणार नसेल तर सरळ टाईल्स घाला, खरंच.

ओकचं एवढं कौतुक का तेही कळत नाही. तो सागवानापेक्षा टणक आहे हे मान्य, सागावर टाचेचे खड्डे लवकर पडतात, पण सागात मुळातच तेल असतं, गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही (कडेच्या पांढऱ्या भागाला लागते, तो भाग फळीत घेऊच नका). बल्लारशा-आलापल्लीचा साग आपल्याच राज्यातला. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि तक्तपोशीचं (म्हणजे फळ्यांच्या छताचं) जुनं लाकूडही मिळतं, मस्त वाळलेलं असतं, फक्त चिरण्याआधी खिळे काढून घ्यायचे.

तेव्हा पुढच्या वेळी फोटोखाली निदान प्रकार आणि जाडी तरी छापा, आणि जमलं तर तीच फरशी दोन पावसाळ्यांनंतर कशी दिसते त्याचाही एक फोटो टाका.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली