कल्याण-डोंबिवलीत महापौरपदासाठी मते मागता येतील का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कल्याण-डोंबिवली महापालिकेसाठी यंदा १५ जानेवारीला मतदान झाले, १६ तारखेला निकाल लागला आणि महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहणार याची सोडत निघाली २२ तारखेला. २०११ च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या घरात गेलेल्या या शहराचा महापौर कोण होऊ शकतो, हे मतदारांना मत देऊन झाल्यावर कळले. हा क्रम मुळातच चुकीचा आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत तो बदलावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कल्याणहून कर्जत गाडीने थोडे पुढे गेले की अंबरनाथ आणि बदलापूर लागते. तिथे नगरपरिषदा आहेत. तिथल्या मतदारांनी डिसेंबरमध्ये आपला नगराध्यक्ष थेट निवडला. पद कोणत्या प्रवर्गासाठी आहे हे त्यांना ऑक्टोबरमध्येच माहीत होते, कारण राज्यातल्या नगराध्यक्षपदांची सोडत ६ ऑक्टोबरलाच काढली होती. त्यामुळे उमेदवार ठरले, त्यांची नावे भिंतींवर आणि रिक्षांच्या मागे लागली, चौकाचौकांत त्यांना प्रश्न विचारले गेले. दोघा-तिघांत कोण बरे यावर घराघरांत वाद झाले. आमच्याकडे लोकसंख्या कित्येक पट, अंदाजपत्रक कित्येक पट आणि मतदाराचा अधिकार मात्र त्यांच्याहून कमी. नगरपरिषदेची महापालिका झाली की नागरिकाने आपला प्रमुख निवडण्याचा हक्क गमवावा, याला काय आधार आहे?

आमच्या प्रभागातला प्रचार कसा झाला ते सांगतो. एका संध्याकाळी एका पॅनेलचे चौघे उमेदवार सोसायटीत आले. हातात एकच पत्रक, त्यावर चार चेहरे आणि वर नेत्यांचे सहा फोटो. लोकांनी गटाराची झाकणे, पार्किंग, भटकी कुत्री असे विषय काढले आणि त्यांनी ते वहीत नीट टिपून घेतले. मी विचारले की, शहर इतके वाढले, आपण अजून उल्हास नदीवर अवलंबून, महापालिकेत सामील असलेल्या २७ गावांचे पाणी एमआयडीसीकडून येते. नवी मुंबईकडे मोरबे आहे, तसे आपल्या महापालिकेचे स्वतःचे धरण कधी? त्यातला एक तरुण उमेदवार प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘काका, लादी, गटार, पाण्याची लाइन सांगा, करून देतो. धरणाचं वरून ठरतं, ते आमच्या हातात नाही.’’ त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. प्रभागाच्या उमेदवाराने प्रभागाचेच बोलावे. प्रश्न असा की संपूर्ण शहराचे बोलणारा उमेदवार आमच्यासमोर यावा, अशी सोयच या निवडणुकीत नव्हती. मतदान केंद्रात चार जागांसाठी चार मते द्यायची होती आणि त्यातले एकही महापौरासाठी नव्हते. शहरात अनेक ठिकाणी तर उमेदवार बिनविरोध निवडून आल्याने त्या जागांसाठी लोकांना तेवढीही संधी मिळाली नाही.

मग महापौर ठरतो कुठे? निकालानंतर १२२ जणांच्या सभागृहात ६२ चा आकडा कोणत्याच एका पक्षाला गाठता आला नाही. त्यापुढचे दिवस शहराने बातम्या वाचण्यात घालवले: कोणाचे नगरसेवक संपर्काबाहेर आहेत, कोणता गट कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे जाऊन नोंदणी करून आला. निवडणुकीत ठाकरे गटासोबत असलेल्या मनसेच्या नगरसेवकांनी निकालानंतर शिंदे यांच्या शिवसेनेला पाठिंबा दिला. कायद्याने यात काही गैर नाही आणि मी कोणत्याही एका पक्षाविरुद्ध हे लिहीत नाही. आकडे वेगळे आले असते तर दुसऱ्यांनीही हेच केले असते. पण महापौरपदाचा निर्णय मतदारांच्या नजरेआड, पक्षांच्या बैठकांत होतो आणि ज्यांच्या शहराचा निर्णय आहे त्यांना तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून समजतो.

आरक्षणाबद्दल माझे म्हणणे स्पष्ट असावे. आमचे महापौरपद या वेळी अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले, याचा मला आनंद आहे. ठाणे जिल्ह्यातला आदिवासी समाज या शहराच्या कडेने पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे आणि शहर वाढताना त्याच्या वाट्याला काय आले हे आपण सगळे जाणतो. पण म्हणूनच सोडत आधी निघायला हवी होती. पद राखीव आहे हे चार महिने आधी कळले असते, तर त्या समाजातल्या शिकलेल्या, काम केलेल्या स्त्री-पुरुषांना उभे राहण्याची तयारी करता आली असती. पक्षांना योग्य माणूस शोधावा लागला असता आणि त्या उमेदवाराला अख्ख्या शहरासमोर आपला आराखडा मांडता आला असता. आता काय होते, तर निवडून आलेल्या मोजक्या सदस्यांमधून निवड करावी लागते. जी व्यक्ती पदावर बसते तिला शहराने निवडल्याचे बळ मिळत नाही. पक्षाने बसवले, अशीच तिची ओळख राहते. हा त्या व्यक्तीवरही अन्याय आहे.

त्यात मुदत अडीच वर्षांची. कचऱ्याचा एखादा प्रकल्प जागेच्या शोधापासून सुरू होईपर्यंत अडीच वर्षे सहज निघून जातात. तोवर नवी निवड, नवा प्रवर्ग, नवी समीकरणे.

थेट निवडणुकीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला अंबरनाथचा. तिथे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात मोठा पक्ष दुसराच, अशी स्थिती झाली आणि त्यातून जी फोडाफोडी झाली ती महिनाभर राज्याने पाहिली. हा आक्षेप खरा आहे. पण अंबरनाथच्या मतदाराला निदान एवढे माहीत आहे की नगराध्यक्ष आपण निवडला. बाकी खेळ कोणी केला हेही त्याला दिसले. आमच्याकडे फोडाफोडी टळली असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. महाराष्ट्रातल्या महापौराकडे कार्यकारी अधिकार नाहीत. तो सभागृह चालवतो, प्रशासनाकडून माहिती मागवू शकतो, शहराच्या वतीने मान घेतो. कामे आयुक्त करतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. अंदाजपत्रकही आयुक्तच तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. अशा पदासाठी लाखो लोकांनी मतदान करायचे कशाला, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. म्हणून थेट निवडणूक आणि अधिकार या दोन्ही गोष्टी एकत्रच मागायला हव्यात. मध्य प्रदेशात महापौर थेट निवडला जातो आणि नगरसेवकांमधून निवडलेली त्याची परिषद कारभारात सहभागी असते. इंदूरमध्ये जे चालते ते कल्याण-डोंबिवलीला झेपणार नाही असे समजण्याचे कारण मला दिसत नाही. महाराष्ट्राने १९९८ मध्ये मुंबईत महापौर आणि त्याच्या परिषदेकडे कारभार देणारा असाच ‘मेयर इन कौन्सिल’चा प्रयोग केला होता, तो वर्षभरात गुंडाळला गेला. त्या अपयशाचा नीट अभ्यास करून नवी रचना करता येईल.

अडचण अशी की आपल्याकडे हे नियम शहराच्या गरजेनुसार बदलत नाहीत. नगराध्यक्षाची थेट निवडणूक २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. प्रभाग चार सदस्यांचा, मग एकाचा, मग तिघांचा आणि पुन्हा चौघांचा. प्रत्येक सरकारने आपल्या सोयीचा नियम केला. मतदार मात्र दर वेळी नव्याने समजून घेतो की या खेपेला किती बटणे दाबायची.

आणि हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. ती झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षे प्रशासकाचा कारभार. याच काळात डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींचे प्रकरण गाजले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘महारेरा’ची नोंदणी मिळवली गेली, साध्या नोकरदारांनी कर्जे काढून घरे घेतली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्या कुटुंबांनी दाद कुणाकडे मागायची? नगरसेवक नव्हते, महापौर नव्हता. आमदार-खासदार म्हणत होते की आम्ही सरकारशी बोलतो. शहराने निवडलेला, शहराला उत्तर देणे भाग असलेला एक माणूस त्या वेळी असता, तर निदान या लोकांना एका दारावर जाऊन उभे राहता आले असते. एमआयडीसीतल्या मे २०२४ च्या अमुदान या रासायनिक कंपनीतल्या स्फोटानंतरही हेच झाले. कारखाने एका खात्याकडे, भूखंड दुसरीकडे, आणि काचा फुटलेल्या घरांत राहणारे नागरिक मधल्या मध्ये.

वाढत्या उपनगरी शहरात रस्ता एमएमआरडीएचा, पूल रेल्वेचा, वीज महावितरणची, अशी वाटणी राहणारच. म्हणूनच या सगळ्यांशी भांडणारा, लोकांच्या थेट मतांचा आधार असलेला प्रतिनिधी लागतो.

सगळा कायदा एका अधिवेशनात बदलणार नाही, हे मला समजते. पण सोडत निवडणुकीच्या आधी काढणे तर शक्य आहे. नगराध्यक्षांसाठी ते नुकतेच करून दाखवले आहे. ती आधी निघाली की प्रत्येक पक्षाने महापौरपदाचा आपला उमेदवार मतदानापूर्वी जाहीर करावा आणि पाणी, कचरा, बेकायदा बांधकामे व २७ गावे या चार विषयांवर त्याचे लेखी म्हणणे शहरापुढे ठेवावे. याला कायद्यातल्या दुरुस्तीचीही गरज नाही. आणि अडीच वर्षांनी महापौरपदाची पुढची निवड होईल, तेव्हा त्या पदाचा प्रवर्ग किमान सहा महिने आधी ठरलेला असावा.

आपल्या वर्तमानपत्राने कल्याण पूर्व, कल्याण पश्चिम, डोंबिवली आणि कल्याण ग्रामीण या चारही मतदारसंघांच्या आमदारांना हा एक प्रश्न लेखी विचारावा आणि त्यांची उत्तरे नावानिशी छापावीत, अशी विनंती आहे: महापौराची थेट निवडणूक आणि त्याला कार्यकारी अधिकार, यासाठी तुम्ही विधानसभेत अशासकीय विधेयक मांडाल का?

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)