सई, कॅबिनेट इथेच राहू दे

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

"माझा डेस्कटॉप कॉम्प्युटर इथे सोडून मी परदेशी जाणार नाही," असं तू काल ठणकावून सांगितलंस. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनी तुला कोणत्या देशात पाठवणार ते अजून ठरलेलं नाही, पण त्यावाचून हा निर्णय अडत नाही.

आधी विजेचं भूत उतरवू. "तिकडचा करंट वेगळा, मशीन जळेल," असं तुला जो तो सांगत असेल. युरोपात २३० व्होल्ट, अमेरिका-कॅनडात १२०, जपानमध्ये तर १००, हे खरं आहे. पण लॅपटॉपच्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाच. 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असेल, तर तो कुठेही चालतो. बदलते ती फक्त भिंतीतल्या प्लगची पिन, आणि ती वायर चार्जरपासून सुटी होत असेल तर तिथली वायर घेतली की झालं. डेस्कटॉपचे नवे पॉवर सप्लाय व्होल्टेज आपोआप ओळखतात. जुन्यांना मागे ११५/२३० असं लिहिलेलं लाल बटण असतं. ते ११५ वर ठेवून २३० च्या सॉकेटमध्ये लावलं, तर धडाम आवाज होऊन सप्लाय गेलाच समज. त्यामुळे एकदा मागे डोकावून बघ. अवजड ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. स्पाइक गार्ड, यूपीएस आणि लेझर प्रिंटर इथेच ठेव. हे बहुतेक एकाच व्होल्टेजसाठी बनवलेले असतात.

तेव्हा विजेमुळे तुझं मशीन अडत नाही. अडतं ते प्रवासामुळे. भरलेलं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवलेला डेस्कटॉपचा डबा, सहज दहा किलोच्या घरात जातं आणि बऱ्याच विमान कंपन्या साध्या तिकिटावर एका बॅगेला २३ किलो देतात. म्हणजे जवळजवळ अर्धी बॅग कॉम्प्युटरचीच. शिवाय तुझं ते अजस्र ग्राफिक्स कार्ड स्लॉटला लटकलेलं असतं आणि प्रोसेसरचा कूलर मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला. विमानतळावर बॅगा कशा आपटतात ते तू पाहिलंयस. एक चांगला दणका बसला की स्लॉट तडकतो, आणि तडकलेल्या मदरबोर्डवर कुणी फारसं काही करू शकत नाही. काचेच्या पॅनेलबद्दल तर बोलायलाच नको.

"मग कुरियरने पाठवू," म्हणशील. विमानाने जाणाऱ्या पार्सलचं वजन आकारमानावरही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. नीट पॅक केलेला ५० बाय ५० बाय ६० चा खोका तराजूवर चौदा किलो भरला, तरी बिल तीस किलोचं येईल. जहाजाने स्वस्त पडेल, पण त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तू कशावर काम करणार? वॉरंटीचंही बघ. सुट्या भागांची वॉरंटी बहुधा ज्या देशात घेतले तिथेच चालते.

माझं मत असं. लॅपटॉप आणि सगळ्या एसएसडी, म्हणजे डेटा असलेल्या डिस्क, केबिन बॅगेत घे. ग्राफिक्स कार्ड काढून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून तेही हातातच ठेव, कारण तुझ्या मशीनमधली खरी महागाची वस्तू तीच. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर तिथे मिळतात. त्यांच्यासाठी जीव टाकू नकोस. स्वतःच्या हातांनी जोडलेल्या मशीनमध्ये जीव गुंततो, हे मला कळतं. पण तू जोडायला शिकलीस, ते तर तुझ्याबरोबर येणारच आहे. तिथे दुसरं जोड.

नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर देश कळल्यावर घे. जर्मनीत कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट, फ्रान्समध्ये ए आणि क्यूच्या. न बघता टाइप करणाऱ्या तुला ते सोसणार नाही, म्हणून तिकडे जायचं झालं तर इथूनच आणि आंतरराष्ट्रीय वॉरंटी असलेला घे. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने. पॉवर बँक चेक-इन बॅगेत अजिबात नको. तुझी २०,००० एमएएचची ७४ वॉट-तासांची आहे, चालेल.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. मशीनमधला डेटा दोन ठिकाणी कॉपी कर. एक प्रत तुझ्याबरोबर, एक माझ्याकडे. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नकोस. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. एसएसडी दुसऱ्या मदरबोर्डला लावली की ती तोच आकडा मागते. आणि आत्ता या मशीनवर तुझी सगळी खाती उघडीच असतात, म्हणून तुला जाणवत नाही. नव्या देशात नव्या मशीनवरून लॉगिन केलंस की प्रत्येक जण ओटीपी मागेल, तोही इथल्या नंबरवर. तो नंबर चालू ठेव किंवा निघण्याआधीच, एसएमएसशिवाय फोनवर कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावून घे. हे तिथे जाऊन निस्तरणं फार कटकटीचं असतं.

एक गोष्ट मात्र कंपनीला आजच विचार: घरसामानासाठी कंटेनर देणार आहेत का? देणार असतील आणि मुक्काम चार-पाच वर्षांचा असेल, तर माझं अर्धं पत्र रद्द समज आणि सगळंच ने. कस्टम्ससाठी बिलांच्या प्रती आणि सीरियल नंबरांची यादी तेवढी तयार ठेव. तरीही कार्ड आणि कूलर काढूनच पॅक करायचे. कॅबिनेटचं मूळ खोकं, थर्माकोलसकट, माळ्यावर आहे.

तुझे,
बाबा